अकरा वेळा आमदार : सांगोल्याचे आबासाहेब



गटाची बैठक संपते, बचतीचे पैसे मोजून होतात, वही मिटते आणि मग गप्पा सुरू होतात. निवडणूक जवळ आली असली की त्या गप्पा आमदारावर येतात. एक म्हणते, "आमच्या गावाला सभामंडप दिला." दुसरी म्हणते, "माझ्या पुतणीच्या लग्नाला आला होता, आहेरसुद्धा केला." तिसरी म्हणते, "आमच्या वस्तीवर पाच वर्षांत तोंड दाखवलं नाही." पण आमदाराचं नेमकं काम काय, असं विचारलं की सगळ्याजणी एकमेकींकडं बघतात.

आज या प्रश्नाचं उत्तर आपण एका माणसाच्या कामातून शोधू या. हा माणूस आता हयात नाही, त्यामुळं कुणाचा प्रचार होण्याची भीती नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोला तालुक्याचे भाई गणपतराव देशमुख यांच्याबद्दल मी बोलतेय. तालुक्यातली माणसं त्यांना आबासाहेब म्हणायची. १९६२ साली ते पहिल्यांदा आमदार झाले आणि २०१९ साली त्यांनी आमदारकी सोडली. या काळात ते सांगोल्यातून १३ वेळा उभे राहिले आणि ११ वेळा निवडून आले. मधे दोनदा हरले. हरल्याची वर्षं वजा केली तरी विधानसभेत त्यांची पन्नासहून जास्त वर्षं भरतात.

पन्नास वर्षं म्हणजे केवढा काळ? १९६२ साली जी पोर परकर-पोलक्यात शाळेत जात होती, ती २०१९ साली पणजी झाली असेल. तिच्या मुलीनं, नातीनंही याच माणसाला मत दिलं असेल. इतकी वर्षं एकाच माणसावर विश्वास टाकून त्या तालुक्याला काय मिळालं आणि काय मिळायचं राहिलं, हे दोन्ही आपण बघू.

पावसानं पाठ फिरवलेला मुलूख

आधी तालुका समजून घेऊ. सह्याद्रीवर ढग आपटतात, महाबळेश्वरला धो धो पाऊस होतो. तिथून पूर्वेला जसजसं जावं तसतसा पाऊस कमी होत जातो. साताऱ्यातला माण, सांगलीतला आटपाडी, जत आणि सोलापुरातला सांगोला, मंगळवेढा हे सगळे तालुके त्या पर्जन्यछायेत येतात. सांगोल्यातून माण नदी वाहते, असं आपण म्हणतो खरं. पण वर्षातले बरेच महिने तिच्यात पाण्यापेक्षा वाळूच जास्त दिसायची. ज्वारी, बाजरी, शेळ्यामेंढ्या आणि उरलेलं पोट भरायला ऊसतोडीला किंवा मुंबई-पुण्याला जाणं, असा इथला संसार.

अशा मुलखात बाईचं काम दुप्पट होतं. विहीर आटली की हंडा घेऊन लांब जायचं ते बाईनं. चारा संपला की जनावर विकायचं ठरवतो पुरुष, पण त्या जनावराच्या दुधावर घर चालवलेलं असतं बाईनं. म्हणून दुष्काळी तालुक्याच्या आमदाराची गोष्ट बायकांनी ऐकण्यासारखी असते. पाणी आणि काम या दोन गोष्टींचा निकाल कुठं लागतो, ते तिच्यातून कळतं.

वकील आमदार होतो

गणपतराव शिकले कायदा. सांगोल्यात त्यांनी वकिली केली. गरीब शेतकऱ्याची, कुळाची, मजुराची प्रकरणं त्यांच्याकडं येत. पक्ष त्यांनी निवडला शेतकरी कामगार पक्ष. स्वातंत्र्य मिळालं त्याच सुमारास काँग्रेसमधून बाहेर पडलेल्या शंकरराव मोरे, केशवराव जेधे यांच्यासारख्या नेत्यांनी हा पक्ष काढला होता. लाल झेंडा, एकमेकांना 'भाई' म्हणायची रीत आणि शेतकरी-कष्टकऱ्याचं राज्य यावं ही आस. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात हा पक्ष मोठ्या ताकदीनं उतरला होता.

१९६० साली महाराष्ट्र राज्य झालं. नव्या राज्याची पहिली विधानसभा निवडणूक १९६२ साली झाली. तेव्हा विधानसभेत २६४ जागा होत्या. आता २८८ आहेत. राज्यात काँग्रेसची लाट होती, पण सांगोल्यानं पस्तिशीतल्या या वकिलाला निवडून दिलं. पुढच्या पन्नास वर्षांत शेतकरी कामगार पक्ष लहान लहान होत गेला. मोठमोठे नेते सत्तेच्या पक्षात गेले. २०१४ साली त्या पक्षाचे सबंध राज्यात तीनच आमदार निवडून आले, आणि त्यांतले एक आबासाहेब होते. त्यांनी पक्ष कधी बदलला नाही.

आता इथं एक शंका येते. सत्तेबाहेरचा आमदार काय कामाचा? "सरकार ज्याचं, त्याचाच आमदार असला तर कामं होतात," असं आपल्याला प्रत्येक निवडणुकीत सांगितलं जातं. आबासाहेबांच्या पन्नास वर्षांतली बहुतेक वर्षं विरोधी बाकावर गेली. तरी लोक त्यांना का निवडून देत राहिले, हे कळायला विधानसभेत काय चालतं ते थोडं बघावं लागेल.

सभागृहात काय चालतं?

विधानसभेची वर्षाला साधारण तीन अधिवेशनं होतात. मार्चच्या आसपास अर्थसंकल्पाचं, पावसाळ्यात पावसाळी, आणि डिसेंबरात नागपूरला हिवाळी. तिथं आमदाराच्या हातात चार मोठी हत्यारं असतात.

पहिलं हत्यार प्रश्न. 'तारांकित प्रश्न' लावला की मंत्र्याला सभागृहात उभं राहून तोंडी उत्तर द्यावं लागतं. उत्तर गुळमुळीत असेल तर लगेच उपप्रश्न विचारता येतो. तुमच्या गावचा तलाव मंजूर होऊन पाच वर्षं झाली आणि काम सुरू नाही, असा प्रश्न लागला की मंत्रालयातून फाईल शोधत खाली जिल्ह्यापर्यंत फोन जातात.

दुसरं हत्यार लक्षवेधी सूचना. एखादी तातडीची गोष्ट असली, टँकर बंद पडले, छावणीत चारा नाही, तर तिच्याकडं सरकारचं लक्ष वेधायचं.

तिसरं हत्यार पैसा. राज्याचा एकेक रुपया कुठं खर्च होणार, त्याला विधानसभेची मंजुरी लागते. कोणत्या धरणाला किती, रस्त्याला किती, अंगणवाडीला किती. ज्या आमदाराला अर्थसंकल्प वाचता येतो, त्याला आपल्या तालुक्याच्या वाट्याचं काय कापलं गेलं ते दिसतं.

चौथं आणि सगळ्यात मोठं हत्यार कायदा. कायदा एकदा झाला की तो आमदार गेला तरी राहतो. मंत्री नसलेला साधा आमदारही स्वतःचं विधेयक मांडू शकतो. त्याला अशासकीय विधेयक म्हणतात. मृणाल गोरे यांनी १९८६ साली गर्भलिंग तपासणीविरुद्ध असं विधेयक मांडलं. त्या विरोधी पक्षातल्या होत्या. पण बाहेर स्त्री संघटनांनी आवाज उठवला होता, आत त्यांनी विषय लावून धरला, आणि १९८८ साली महाराष्ट्रात त्यावर कायदा झाला. पुढं देशाचा कायदा झाला तो त्यानंतर.

ही चारही हत्यारं सत्तेतल्या आणि विरोधातल्या आमदाराला सारखीच मिळतात. वापरायची तयारी मात्र लागते. फायली वाचाव्या लागतात, अधिवेशनाला पूर्णवेळ बसावं लागतं, मागच्या वर्षी मंत्र्यानं काय आश्वासन दिलं होतं ते लक्षात ठेवावं लागतं. जुन्या आमदाराचा खरा उपयोग इथं असतो. मंत्री बदलतात, अधिकारी बदलतात. दहा वर्षांपूर्वी याच सभागृहात काय कबूल केलं होतं, हे सांगायला कुणीतरी तिथं लागतो. आबासाहेब बोलायला उभे राहिले की सत्ताधारी आणि विरोधक दोघंही ऐकत. आमदारकीला पन्नास वर्षं झाली तेव्हा विधिमंडळानं त्यांचा गौरव केला, त्यात सगळ्या पक्षांचे लोक होते.

दुष्काळ आणि एक कायदा

आता त्या कायद्याची गोष्ट, जी आपल्यातल्या अनेकींच्या आईच्या, सासूच्या हातांना माहीत आहे.

१९७२ चा दुष्काळ. तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. मिलोची लाल ज्वारी, लेकरांना वाटलेली सुकडी, खडी फोडून फोडून हाताला पडलेले घट्टे. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यात जवळजवळ ५० लाख माणसं दुष्काळी कामावर होती. त्यांत बायका मोठ्या संख्येनं होत्या. रस्ते, पाझर तलाव, नालाबंडिंग ही कामं त्यांच्या हातांनी झाली.

गंमत बघा. या दुष्काळाच्या सुरुवातीला आबासाहेब विधानसभेत नव्हतेच. १९७२ ची निवडणूक ते हरले होते. काँग्रेसचे काकासाहेब साळुंखे-पाटील निवडून आले होते. १९७४ साली पोटनिवडणूक झाली आणि आबासाहेब परत सभागृहात गेले. म्हणजे दुष्काळाची दोन सर्वांत वाईट वर्षं त्यांनी काढली ती पद नसताना, दुष्काळी मुलखातच.

दुष्काळात सरकार काम देतं, पण ते सरकारची मर्जी म्हणून देतं. मर्जी फिरली की काम बंद. तेव्हा प्रश्न असा होता, की काम मागणं हा माणसाचा हक्क होऊ शकतो का? ही कल्पना पुढं रेटली ती वि. स. पागे यांनी. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे ते. १९६० ते १९७८ ते विधान परिषदेचे सभापती होते. मागेल त्याला काम, या कल्पनेचा पहिला प्रयोग १९६५ च्या सुमारास त्यांच्याच तालुक्यात झाला. १९७२ साली ती योजना राज्याची झाली. पण योजना म्हणजे शेवटी सरकारी आदेश. एका आदेशानं सुरू झालेली गोष्ट दुसऱ्या आदेशानं बंद होऊ शकते. म्हणून डाव्या पक्षांनी, मजुरांच्या संघटनांनी मोर्चे काढून कायदाच मागितला. शेतकरी कामगार पक्ष त्यांत होता.

१९७७ साली महाराष्ट्राच्या दोन्ही सभागृहांनी रोजगार हमीचा कायदा एकमतानं मंजूर केला. त्या वर्षी विधानसभेत विरोधी पक्षनेते होते गणपतराव देशमुख. २६ जानेवारी १९७९ पासून कायदा अंमलात आला. तोवर राज्यात पुरोगामी लोकशाही दलाचं सरकार आलं होतं, शरद पवार मुख्यमंत्री होते आणि आबासाहेब त्या सरकारात मंत्री होते. कायदा मंजूर होताना हा माणूस समोरच्या बाकावर होता आणि लागू होताना सरकारात होता. कायद्याची कल्पना पागेसाहेबांची. त्याला बळ दिलं खडी फोडणाऱ्या लाखो माणसांनी आणि मोर्च्यांनी. आणि त्याच्यावर शिक्का बसला तो सभागृहातल्या मतांनी. तिन्हींतलं एक जरी नसतं तरी तो झाला नसता.

या कायद्यात काय होतं? गावातल्या प्रौढ माणसानं अंगमेहनतीचं काम मागितलं तर पंधरा दिवसांत द्यायचं. देता आलं नाही तर बेकारी भत्ता द्यायचा. मजुरीत बाई-पुरुष असा भेद करायचा नाही. जेवढं खोदलं त्याच्या मापानं पैसे. कामावर पिण्याचं पाणी, सावली, लेकरं सांभाळायची सोय ठेवायची. याला पैसा कुठून आणला? शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून व्यवसाय कर कापायचा आणि तेवढीच भर सरकारनं घालायची. म्हणजे मुंबईतल्या कारकुनाच्या पगारातला थोडा पैसा सांगोल्याच्या पाझर तलावावरच्या बाईच्या ओटीत पडला. हे आपोआप घडलं नाही, कायद्यानं घडवलं.

प्रत्यक्षात सगळं नीट चाललं असं कुणी म्हणणार नाही. हजेरीपटावर खोटी नावं चढली, मापात मुकादमानं मारलं, लेकरं झाडाला बांधलेल्या झोळीतच राहिली. पण भांडायला हातात कागद आला. त्याआधी बाई म्हणायची, "साहेब, काम द्या हो." कायदा झाल्यावर ती म्हणू लागली, "पंधरा दिवस झाले, काम का नाही?" पुढं २००५ साली देशाचा रोजगार हमी कायदा झाला, त्यालाही महाराष्ट्राचा हा अनुभव मार्गदर्शक ठरला.

याच रोजगार हमीला जोडून १९९० नंतर फळबाग लागवडीची योजना आली. सांगोल्याचं आज जे डाळिंब आपण बघतो, त्या बागांना या योजनेनं हात दिला. खडकाळ, उताराच्या जमिनीत डाळिंब आलं. थोड्या पाण्यावर, ठिबकवर बागा उभ्या राहिल्या. छाटणी, फळांची निवड, पेट्या भरणं या कामांत बायका आहेत. तेल्या आणि मर रोगानं बागा गेल्या, कर्ज झालं, हेही खरं. पण कोरड्या तालुक्याचं नाव डाळिंबासाठी होईल, असं १९६२ साली कुणाला वाटलं नसतं.

आबासाहेबांनी सांगोल्यात सहकारी सूतगिरणीही उभी केली. राज्यातल्या कितीतरी सहकारी सूतगिरण्या बुडाल्या, भंगारात गेल्या. सांगोल्याची मात्र नीट चालवलेली गिरणी म्हणून नावाजली गेली. गावातल्या पोरांना गाव न सोडता पगार मिळाला. सहकारी संस्था म्हणजे सभासदांचा पैसा, ही गोष्ट आपल्या बचत गटाला वेगळी समजवायला नको. आपला गट दोन-तीन हजारांचा हिशेब ज्या काळजीनं ठेवतो, तीच काळजी कोटींच्या संस्थेत ठेवली तर ती टिकते.

पाण्यासाठी अर्धं आयुष्य

आता जिथं सगळ्यात जास्त वाट पाहावी लागली, त्या पाण्याकडं येऊ.

कृष्णेचं पाणी तीन राज्यांत वाटायचं होतं. बच्छावत लवादानं महाराष्ट्राच्या वाट्याला ५६० टीएमसी पाणी दिलं. टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट. कागदावर पाणी मिळालं, पण ते अडवायचं कुठं आणि न्यायचं कुणाकडं, हे राज्यानं ठरवायचं होतं. कृष्णा वाहते कराड-सांगलीकडून. दुष्काळी तालुके तिच्यापेक्षा उंचावर. पाणी तर उताराकडं धावतं. ते वर चढवायला पंप लागतात, वीज लागते, पैसा लागतो. नदीकाठी ऊस हिरवागार आणि पन्नास-साठ मैलांवर टँकर, असं चित्र वर्षानुवर्षं राहिलं.

१९९३ पासून क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांनी आटपाडीला पाणी परिषदा सुरू केल्या. सातारा, सांगली, सोलापूर जिल्ह्यांतल्या १३ दुष्काळी तालुक्यांची माणसं तिथं हजारोंनी जमायची. गणपतराव देशमुख त्या लढ्यातले एक प्रमुख नेते. त्यांची मागणी नुसती "आम्हाला पाणी द्या" एवढीच नव्हती. समन्यायी पाणीवाटप हवं, असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणजे ज्याची जमीन जास्त त्याला पाणी जास्त, असं नको. घरटी पाण्याचा वाटा ठरवा, आणि ज्याला जमीन नाही त्यालाही वाटा द्या. आता विचार करा, आपल्या गावात किती बायकांच्या नावावर जमीन आहे? जमिनीवर पाणी वाटलं तर त्या वाटणीत बाईचं नाव नसतं. माणसावर, घरावर वाटलं तर ती निदान मोजली जाते. ही मागणी आजही पुरी झालेली नाही.

१९९६ साली कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झालं आणि टेंभू उपसा सिंचन योजनेला मंजुरी मिळाली. कराडजवळ टेंभू गाव आहे, तिथून कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्यानं उचलून खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ, सांगोला अशा तालुक्यांना न्यायचं. सुमारे ८० हजार हेक्टर जमीन भिजवायचा बेत. पण मंजुरी आणि पाणी यांच्यामध्ये किती वर्षं असतात! दर अधिवेशनात निधी मागायचा, दर अर्थसंकल्पात आकडा बघायचा. या टप्प्याचं काम अडलं, त्या बोगद्याचं राहिलं, विजेचं बिल कुणी भरायचं, असं करत करत पाणी सांगोल्यात पोचायला दीड-दोन दशकं गेली. आणि पोचलं तेही सगळ्या गावांना सारखं नाही.

म्हणून पन्नास वर्षांच्या आमदारकीचा हिशेब मांडताना दोन्ही बाजू लिहायला हव्यात. एका बाजूला, माणूस चिवटपणे लागून राहिला म्हणून विषय जिवंत राहिला. नवा आमदार दर पाच वर्षांनी आला असता तर कदाचित प्रत्येकानं नव्यानं सुरुवात केली असती. दुसऱ्या बाजूला, पहिल्यांदा मत देणारी तरुणी म्हातारी होईपर्यंत टँकरची वाट बघतच राहिली. एकट्या आमदाराच्या प्रामाणिकपणानं पाणी वर चढत नाही. ज्या पक्षाचे सभागृहात तीन-चार आमदार, त्याची ताकद निधी खेचताना कमी पडते. हे सांगोल्याच्या लोकांनाही कळत होतं.

लोकांनी दोनदा हरवलं

म्हणूनच १९९५ साली त्यांनी आबासाहेबांना पुन्हा हरवलं. काँग्रेसचे शहाजीबापू पाटील निवडून आले. चार वर्षांनी, १९९९ साली, लोकांनी परत आबासाहेबांना आणलं, आणि ते दुसऱ्यांदा मंत्री झाले. मग २००४, २००९ आणि २०१४. शेवटच्या वेळी त्यांनी ऐंशी ओलांडली होती. २०१९ साली ते उभे राहिले नाहीत. ३० जुलै २०२१ ला सोलापुरात त्यांचं निधन झालं.

हरल्यावर त्यांनी तालुका सोडला नाही, हे मला मोठं वाटतं. आमदार नसतानाही ते लोकांत होते, म्हणून लोकांनी परत बोलावलं. एसटीनं प्रवास करणारा आमदार म्हणून त्यांची ख्याती होती. मोठा बंगला नाही, गाड्यांचा ताफा नाही. माणूस एसटीत भेटतो म्हटल्यावर त्याला गाठायला मध्यस्थ लागत नाही. बाईला तर हे फार महत्त्वाचं. जिथं भेटायला आधी कार्यकर्त्याला भेटावं लागतं, तिथं आपली निम्मी गाऱ्हाणी दारातच राहतात.

पण मैत्रिणींनो, नुसत्या साधेपणावर भुलू नका. साधी राहणी हा माणसाचा गुण झाला. आमदाराचा गुण मोजायचा तो त्यानं सभागृहात काय विचारलं, कशाला मत दिलं आणि त्यातून काय बदललं यावर. आबासाहेबांच्या बाबतीत दोन्ही गुण जुळले, हे सांगोल्याचं भाग्य.

या गोष्टीत बाई कुठं आहे?

आता शेवटचा आणि आपला स्वतःचा मुद्दा. १९६२ पासून सांगोल्यातून विधानसभेवर चार माणसं गेली. गणपतराव देशमुख, काकासाहेब साळुंखे-पाटील, शहाजीबापू पाटील आणि २०२४ साली निवडून आलेले आबासाहेबांचे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख. चारही पुरुष. साठ वर्षांत एकही बाई नाही. हा दोष एकट्या सांगोल्याला देऊ नका. आपापल्या तालुक्याची यादी काढून बघा. २०१९ साली सबंध विधानसभेत २८८ पैकी फक्त २४ बायका निवडून आल्या होत्या.

बायकांना जमत नाही म्हणावं, तर तसंही नाही. आबासाहेब ज्या खुर्चीवर १९७७ साली विरोधी पक्षनेते म्हणून बसले, त्याच खुर्चीवर पुढच्या काही वर्षांत प्रभा राव, प्रतिभा पाटील आणि मृणाल गोरे बसल्या. गावपातळीवर तर आपण केव्हाच पोचलो. १९९३ च्या घटनादुरुस्तीनं पंचायतीत एक तृतीयांश जागा आल्या, २०११ पासून महाराष्ट्रात निम्म्या झाल्या. आज सरपंच बाई ही कुणाला नवलाची गोष्ट वाटत नाही. विधानसभेत एक तृतीयांश जागा राखीव ठेवणारी घटनादुरुस्ती २०२३ साली संसदेनं मंजूर केली. जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना यांना ती बांधलेली आहे. ती वेळ येईल तेव्हा उभी राहणारी बाई कुणाची तरी सून म्हणून उभी राहणार, की तारांकित प्रश्न म्हणजे काय हे माहीत असलेली म्हणून, हे आपल्या आजच्या तयारीवर ठरेल.

म्हणून पुढच्या बैठकीत एवढं करा. वहीचं एक पान काढा. आपल्या मतदारसंघातून आजवर कोण कोण आमदार झालं, किती वर्षं होते, ते लिहा. गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा. मग आपल्या आताच्या आमदारानं मागच्या अधिवेशनात कोणते प्रश्न विचारले, ते शोधा. विधिमंडळाच्या संकेतस्थळावर प्रश्न आणि कामकाज छापलेलं असतं. गटातल्या एखाद्या कॉलेजातल्या पोरीला मोबाईलवर बघायला सांगा. तिसरं, गावाची अशी एक गोष्ट ठरवा, जी ग्रामपंचायतीच्या हातात नाही, तालुक्याच्याही हातात नाही, फक्त राज्याच्या हातात आहे. ती लेखी द्या, पोच घ्या, आणि पुढच्या अधिवेशनानंतर विचारा, "आमच्या प्रश्नाचं काय झालं?"

सभामंडप मागायला हरकत नाही. तो ग्रामपंचायतीकडंही मागता येतो. कायदा, राज्याचा पैसा आणि मंत्र्याचं उत्तर मात्र गावात दुसऱ्या कुणाकडं मागता येत नाही. सांगोल्याच्या लोकांनी पन्नास वर्षं एका माणसाला विधानसभेत पाठवलं ते यासाठी, आणि जेव्हा समाधान झालं नाही तेव्हा दोनदा घरीही बसवलं. हे दोन्ही करायचं बळ आपल्या एका मतात आहे.

पानावर काय लिहून झालं ते आम्हाला जरूर कळवा. पुढच्या वेळी भेटू. रामराम.